कॅसेट संगणकावर उतरवताना: आधी हेड, मग सॉफ्टवेअर

कॅसेटवरचा आवाज संगणकावर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं? खरं तर या कामात सॉफ्टवेअरचा वाटा सगळ्यात छोटा आहे. आवाज स्वच्छ येणार की बोदा, हे फीत हेडवरून, म्हणजे तिच्यावरचा आवाज उचलणाऱ्या यंत्रातल्या छोट्या धातूच्या भागावरून, सरकते तेव्हाच ठरतं. हेडने जे उचललं नाही, ते नंतर कुठलाही फिल्टर परत आणू शकत नाही. म्हणून इथे निम्मी जागा डेक (कॅसेट वाजवणारं यंत्र) आणि कॅसेट यांनाच दिली आहे. कितीही घाई असली तरी तो भाग वगळू नका.

कुठल्या कॅसेट्स आधी घ्यायच्या

एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांच्या मूळ प्रतींवरून आज डिजिटल आवृत्त्या निघाल्या आहेत आणि त्या तुमच्या झिजलेल्या कॅसेटपेक्षा चांगल्याच असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका. आधी घ्यायच्या त्या जगात एकच प्रत असलेल्या कॅसेट्स: आजीच्या ओव्या, बारशाची गाणी, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, गुरुजींच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग, परदेशातल्या मुलासाठी बोलून पाठवलेली पत्रं. त्यानंतर छोट्या प्रकाशकांच्या, पुन्हा न निघालेल्या कॅसेट्स.

यादी करतानाच प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडून टाका. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. जुन्या टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) प्ले आणि रेकॉर्ड ही बटणं शेजारी असतात, आणि चुकून दाबल्या गेलेल्या बटणाने पुसलेला आवाज कायमचा जातो.

कॅसेटवर ६०, ९० की १२० (एकूण मिनिटं) लिहिलंय तेही बघून ठेवा. सी-६० मध्ये फीत सुमारे १८ मायक्रॉन जाडीची असते, सी-९० मध्ये १२ आणि सी-१२० मध्ये जेमतेम ९. सी-१२० ताणली जाते, रोलरभोवती गुंडाळली जाते. ती नेहमी शेवटी, डेकवर पुरता विश्वास बसल्यावर घ्या.

डेक कसा हवा

लाइन-आउट (दुसऱ्या यंत्राला आवाज देण्याची सोय) असलेला स्टिरिओ कॅसेट डेक सगळ्यात उत्तम. तो नसेल तर हेडफोनचं भोक असलेला धडधाकट टू-इन-वन चालेल. ऑटो-रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न काढता दुसरी बाजू वाजवणारा डेक, शक्यतो टाळा, कारण त्यात हेड उलटंसुलटं फिरतं आणि दोन्ही दिशांना त्याचा कोन सारखा राहत नाही. कॅसेट हाताने उलटवणं केव्हाही बरं.

वॉकमनच्या आकाराचे, यूएसबीची वायर बाहेर आलेले स्वस्त 'कन्व्हर्टर' ऑनलाइन भरपूर मिळतात. घरातल्या एकुलत्या एका रेकॉर्डिंगसाठी ते घेऊ नका. त्यांचं फ्लायव्हील, म्हणजे वेग स्थिर ठेवणारं चाक, हलकं असतं, त्यामुळे लांबवलेला सूर थरथरतो, आणि मोटरची घरघर थेट आवाजात उतरते.

जुना डेक मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेणार असाल, तर सोबत पेटीवर लांब सूर धरलेली एखादी कॅसेट न्या. सूर थरथरतो का, दोन्ही चॅनेल येतात का, आणि पुढे-मागे गुंडाळताना फीत शेवटपर्यंत जोरात जाते का, एवढं दुकानातच बघा. पंधरा-वीस वर्षं बंद असलेल्या डेकचा बेल्ट बहुतेक वेळा सैल पडलेला किंवा डांबरासारखा वितळलेला असतो. हा दोष किरकोळ आहे, त्यासाठी डेक नाकारू नका. वितळलेलं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुलीवरून पूर्ण काढायचं, बेल्टच्या मार्गावर दोरा फिरवून लांबी मोजायची आणि त्याहून सुमारे ५ टक्के छोटा बेल्ट घालायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही असे सुटे भाग शोधायची ठिकाणं. हेडवर मात्र बोटाला जाणवेल अशी खाच पडली असेल, तर तो डेक सोडून द्या.

साफसफाई

लागणारं सामान थोडंच: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, टॉर्च. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं सर्जिकल स्पिरिट वापरू नका. त्यात पाणी असतं, आणि काहींत घातलेली इतर द्रव्यं हेडवर पातळ थर सोडतात.

डेकची वीज बंद करा, झाकण उघडा, काडी जेमतेम ओली करा. आधी चकचकीत हेड पुसा, मग कॅपस्टन, म्हणजे फीत ओढणारी पातळ धातूची दांडी. काडी तपकिरी होते, कारण तो फितीवरून झडलेला लोहाचा थर असतो. काडी स्वच्छ निघेपर्यंत नवी-नवी घेत राहा. कॅपस्टनला टेकणारा काळा रबरी पिंच रोलर साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून कोरडा करा. अल्कोहोल वारंवार लागलं की रबर कडक होतं. रोलर गुळगुळीत चकाकत असेल किंवा त्याला भेगा असतील तर बदला, कारण फीत खाऊन टाकायला बहुतेक वेळा तोच कारण असतो. दहा मिनिटं सगळं वाळू द्या. पुढे दर चार-पाच कॅसेट्सनंतर हेड पुसायचंच. फीत झडकी असेल तर प्रत्येक बाजूनंतर.

कॅसेट लावण्यापूर्वी

टॉर्च तिरकी धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. गुंडाळी सपाट, काळसर-तपकिरी दिसायला हवी. पांढरे ठिपके किंवा पिठासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेट्समध्ये ती हमखास सापडते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये एकदाही लावू नका. बुरशी हेडवर आणि रोलरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती कॅसेट हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर आठवडाभर ठेवा. मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत किंवा घराबाहेर, एखाद्या टाकाऊ टेपरेकॉर्डरवर फीत पुढे-मागे गुंडाळा आणि ती गुंडाळली जात असताना मऊ मायक्रोफायबर कापड हलकेच टेकवून ठेवा. कापड काळजीपूर्वक बदलत राहा. शेवटी फितीची दोन्ही चाकं काढून दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवा. जुनं कवच फेकून द्या.

दुसरी नेहमीची भानगड पॅडची. फीत हेडवर दाबून धरणारा बोटाच्या नखाएवढा फेल्टचा तुकडा कॅसेटच्या तोंडाशी, तांब्याच्या रंगाच्या पट्टीवर चिकटवलेला असतो. गोंद सुकला की तो पडतो आणि आवाज अचानक दबका, येतो-जातो असा होतो. लोक डेकला दोष देतात, पण दोष कॅसेटमध्ये असतो. टाकाऊ कॅसेटमधून पट्टीसकट पॅड काढून बसवा. नुसता पॅड चिकटवायचा झाला तर गोंदाचा अगदी बारीक थेंब घ्या. फेल्टमध्ये मुरलेला गोंद दगडासारखा होतो आणि फीत घासतो.

तुटलेली फीत जोडायला सेलोटेप चालत नाही, कारण तिचा गोंद उन्हाळ्यात पसरतो आणि शेजारचे थर चिकटतात. कॅसेटसाठीची स्प्लायसिंग टेप ३.८१ मिलिमीटर रुंदीची असते, म्हणजे फितीएवढीच. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून नव्या ब्लेडने तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा, फितीच्या चकचकीत मागच्या बाजूला टेप लावा आणि नखाने घासा. चार-पाच सेंटीमीटर चुरगळलेली फीत कापून टाकायचा मोह होईल, पण कापू नका. चुरगळलेल्या भागातूनही शब्द ओळखू येतात.

कवचाला पाच स्क्रू असले तर काम सोपं. स्क्रू नसतील तर कवच जोडबंद आहे. शिवणीवर पातळ पातं ठेवून हलके ठोके देत ते उकलावं लागतं, आणि फीत स्क्रूवाल्या कवचात हलवावी लागते. आत दोन्ही बाजूंना असणारे पातळ कागद आणि कोपऱ्यातले छोटे रोलर नव्या कवचात आहेत ना, हे बघा. ते राहिले की कॅसेट चिरकते.

कॅसेट ठीक वाटली की पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकावर एक बसलेले थर मोकळे होतात आणि ताण सारखा होतो. शब्दाआधी त्याचाच अंधूक प्रतिध्वनी ऐकू येत असेल तर तोही थोडा कमी होतो. फीत चिकट झाली तर ती ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला आढळेल. तो ठरावीक प्रकारच्या मोठ्या रीळ-फितींसाठी आहे. कॅसेट ओव्हनमध्ये घालू नका.

हेडचा कोन

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि आवाजात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगाने चालते. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक पूर्ण लहर फितीवर फक्त ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. मोनो रेकॉर्डिंगचा पट्टा सुमारे दीड मिलिमीटर रुंद असतो. हेड त्या पट्ट्याला काटकोनात नसून फक्त ०.२ अंशाने कललं, तरी पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेमध्ये एका लहरीएवढं अंतर पडतं, दोन्ही कडांवरच्या लहरी एकमेकींना मारतात आणि टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटेचा टणत्कार, बोलण्यातली 'स' आणि 'श'ची धार नाहीशी होते. या कोनाला अझिमथ म्हणतात. तुमची कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली, त्याचं हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात आज वाजवणारं हेड हवं. कंपनीने लावून दिलेला 'बरोबर' कोन इथे उपयोगाचा नाही, कारण मूळ रेकॉर्डरचंच हेड कललेलं असू शकतं.

हेडच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ज्याच्याखाली छोटी स्प्रिंग आहे तो अझिमथचा. दुसऱ्याला हात लावू नका. झाकण काढलं की कॅसेट वाजत असतानाही तो बऱ्याच डेकमध्ये हाताशी येतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चुंबकीय नको. नेलपॉलिशचा ठिपका लावून मूळ जागा आखून घ्या, म्हणजे परत तिथे येता येईल. मग स्पष्ट बोलणं किंवा टाळ असलेला भाग लावा, हेडफोन घाला, आणि स्क्रू एका वेळी एक-अष्टमांश फेऱ्याहून जास्त न फिरवता दोन्ही दिशांना नेऊन बघा. मध्ये एका जागी आवाज एकदम उघडतो. त्या जागेच्या थोडं पुढे आणि थोडं मागे जाऊन पुन्हा तिथेच स्थिर व्हा.

कानावर भरवसा नसेल तर डोळ्यांनी पडताळता येतं. मोनो रेकॉर्डिंग स्टिरिओत घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकं मोठं करा की एकेक नमुना (संगणकाने क्षणोक्षणी घेतलेलं आवाजाचं मोजमाप) दिसेल. डाव्या आणि उजव्या चॅनेलची शिखरं एकाखाली एक यायला हवीत. एक आधी आणि दुसरं चार नमुने नंतर येत असेल तर कोन अजून चुकलेला आहे. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना, एक नमुना म्हणजे फितीचा जवळजवळ एक मायक्रॉन, इतकी ही तपासणी सूक्ष्म आहे.

हे प्रत्येक कॅसेटला करायचं, आणि दुसऱ्या बाजूला कोन वेगळा लागला तर पुन्हा. एकाच रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट्स एकत्र घेतल्या की श्रम बरेच वाचतात.

डॉल्बीचं, म्हणजे फितीची सरसर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण बंद ठेवा. टू-इन-वनवर भरलेल्या घरच्या कॅसेट्समध्ये डॉल्बी नसतेच, आणि ते चालू राहिलं तर सगळा आवाज ब्लँकेटखाली गेल्यासारखा होतो. कॅसेटवर किंवा वेष्टणावर 'डॉल्बी बी' असा शिक्का असेल तरच चालू करा. फितीच्या प्रकाराचं बटण असेल तर साध्या फितीसाठी 'नॉर्मल'वर.

संगणकाला जोडणी

आजच्या लॅपटॉपला असलेलं एकच गोल भोक हेडफोन आणि माइक यांचं एकत्र असतं. त्यातून आत जाणारा आवाज मोनो आणि माइकच्या पातळीचा असतो. डेक त्यात लावला तर आवाज फाटतो. दोन-तीनशे रुपयांच्या बहुतेक यूएसबी साउंड कार्डांचंही तेच. लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात नेणारी डबी, घ्या. बेहरिंगर यूसीए२२२ हा साधा, लाल डबीचा इंटरफेस या कामाला पुरतो. तो आवाज १६ बिटच्या बारकाईनेच मोजतो, पण कॅसेटच्या आवाजाचा आवाका त्यात आरामात बसतो. २४ बिटचा इंटरफेस असेल तर पातळी लावताना जास्त मोकळीक मिळते, एवढंच.

डेकच्या लाइन-आउटपासून इंटरफेसच्या इनपर्यंत दोन पिनांची आरसीए केबल. टू-इन-वन असेल तर हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटर ते दोन आरसीए अशी केबल, आवाजाचं बटण निम्म्यावर, बास-बूस्ट बंद, इक्वलायझरच्या सगळ्या पट्ट्या मध्यावर. जुन्या फिलिप्स किंवा युरोपीय डेकला पाच पिनांचं गोल डीआयएन सॉकेट असेल तर आवाज ३ आणि ५ या पिनांवर येतो, मधली २ ही अर्थिंगची.

सतत 'घूं' ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातं. नाही गेलं तर डेक आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि मोबाइल हातभर लांब ठेवा.

रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी मोफत आहे आणि पुरेशी आहे. सुरू करण्यापूर्वी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इंटरफेस '२ चॅनेल' आहे का बघा. बऱ्याचदा विंडोज त्याला माइक समजून एकच चॅनेल देतं. तिथलेच 'एन्हान्समेंट' बंद करा, नाहीतर ते तंबोऱ्याला गोंगाट समजून गिळतं. ऑडॅसिटीत इनपुट म्हणून इंटरफेस निवडा, चॅनेल स्टिरिओ, दर ४८,००० हर्ट्झ. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट अशी आहे, इंटरफेस तसा असेल तर तेच ठेवा.

कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधा, उदाहरणार्थ कीर्तनातला गजर, आणि पातळी अशी लावा की शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकलेला आवाज तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. कमी पातळी मात्र नंतर वाढवता येते. मग कॅसेट सुरुवातीला आणा, आधी रेकॉर्डिंग सुरू करा, पाच सेकंदांनी प्ले दाबा, आणि अख्खी बाजू न थांबवता घ्या. गाण्यागणिक तोडणं नंतर. सी-६० साठी तासभर तिथेच बसणं हा या कामाचा भाग आहे. निदान पहिली पाच मिनिटं आणि मधूनमधून हेडफोन लावून ऐकाच. हेडवर मळ साचला की एक चॅनेल हळूहळू दबतो, आणि ते पडद्यावर लगेच लक्षात येत नाही.

जागेचा हिशोब: २४ बिट, ४८,००० हर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे सी-६० ला साधारण १ जीबी आणि सी-९० ला दीड जीबी. १६ बिटला याच्या दोनतृतीयांश.

वेग चुकला असेल तर

बॅटरीवरच्या रेकॉर्डरवर सेल उतरत असताना भरलेलं रेकॉर्डिंग आज चढ्या सुरात, भरभर वाजतं, आणि शेवटाकडे आणखी चढत जातं. त्या वेळी फीत हळू चालत होती, त्यामुळे तीच आज नेहमीच्या वेगाने वाजली की आवाज चढतो. रेकॉर्डिंगमध्ये वाजलेली पेटी घरात अजून असेल तर तिच्यासारखं दुसरं मोजमाप नाही. गायकाचा षड्ज त्या पेटीवर कुठल्या पट्टीत येतो ते बघा. एक पट्टी (काळ्या-पांढऱ्या धरून लगतची) चढलेली म्हणजे वेग सुमारे ६ टक्के जास्त. ऑडॅसिटीच्या 'चेंज स्पीड'ने तेवढा उतरवा. 'चेंज टेम्पो' नव्हे, त्याने सूर बदलत नाही.

पेटी नसेल तर विजेच्या गुणगुणीचा आधार घेता येतो. 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये ५० हर्ट्झजवळचं शिखर ५२.५ वर दिसलं तर वेग ५ टक्के जास्त. पॉज केल्यावरही ते शिखर उरत असेल तर ती गुणगुण आजच्या तुमच्या घरातली आहे, तिचा उपयोग नाही. शिवाय त्या काळी वीज नेमकी ५० हर्ट्झवर टिकत नसे, म्हणून एक-दोन टक्क्यांचे फरक यावरून ठरवू नका.

गोंगाट कमी करणं

जपून. मूळ फाइल तशीच ठेवा आणि प्रतीवर काम करा. 'नॉइज रिडक्शन'साठी नमुना घ्यायचा तो सुरुवातीच्या रंगीत किंवा पारदर्शक पट्टीचा नव्हे, तर रेकॉर्डिंग चालू पण कुणी बोलत नाही अशा एक-दोन सेकंदांचा. ६ ते ९ डेसिबल पुरे. जास्त केलं की पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो. घरच्या रेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप लावणारं सर्किट असायचं. शांततेत ते सगळा गोंगाट वर उचलतं आणि बोलणं सुरू झालं की खाली आणतं. त्यामुळे अशा कॅसेटवर हा उपाय अर्धवटच लागू पडतो. तो थोडा गोंगाट राहू द्या.

गुणगुण काढायला ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावतात. शास्त्रीय गाण्यावर लावू नका, पुरुष गायकाचा षड्ज आणि तंबोरा याच भागात असतात. मोनो रेकॉर्डिंगचे दोन चॅनेल मिसळण्यापेक्षा त्यातला जास्त स्वच्छ एक निवडा.

नावं आणि प्रती

मूळ फाइल वेव किंवा फ्लॅकमध्ये. फ्लॅक जागा वाचवतं आणि आवाजातलं काहीही टाकत नाही. नातेवाइकांना पाठवायला १९२ केबीपीएसची एमपी३, अर्ध्या तासाला सुमारे ४३ एमबी. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग प्रसंग, मग बाजू: '१९८७_सप्ताह_कीर्तन_बाजू-ए'. वर्ष नक्की नसेल तर '१९८०-दशक' लिहा, अंदाजाचं वर्ष नक्की म्हणून लिहू नका. कॅसेटच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. शेजारी एक साधी मजकुराची फाइल हवी: कोण बोलतंय, कुठे, मागे कुणाचा आवाज, कुठल्या मिनिटाला काय. हे काम आवाज ओळखणारी माणसं घरात आहेत तोवरच होतं. फाइल तयार झाल्याच्या आठवड्यातच त्यांच्याशेजारी बसून ते करा.

तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. विकत घेतलेल्या कॅसेट्सच्या प्रती घरात ऐकायला ठीक आहेत, पण इंटरनेटवर टाकणं हा हक्कांचा वेगळा प्रश्न आहे.

कॅसेट्स फेकू नका. पुढे अधिक चांगला डेक मिळू शकतो, आणि आज न सुधारलेली बाजू तेव्हा सुधारू शकते. फीत शेवटपर्यंत गुंडाळून, डबीत, पुस्तकांसारख्या उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवा. हवाबंद डब्यात ठेवल्या असतील तर त्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्यापूर्वी बदला.